परीक्षेची पेशंट

खरं सांगते, त्या बाहुलीशी माझं काही वाकडं नाही. चांगली आहे बिचारी. आमच्या नर्सिंग कॉलेजच्या सराव-खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर ती वर्षभर डोळे उघडे ठेवून पडलेली असते. बटण दाबलं की तिची छाती वरखाली होते, मनगटात नाडी लागते, आणि मुलींनी दंडाला पट्टा बांधला की मी कॉम्प्युटरवर ठरवीन ते ब्लड प्रेशर ती दाखवते. मुली तिच्यावर शिकतात, मी शिकवते, पगार वेळेवर होतो. तक्रारीला जागा नाही. तरी दर वर्षी नवी बॅच त्या पलंगाभोवती गोळा झाली, की मला तिच्याकडे बघवत नाही. त्या पलंगावर चांगुणामावशी झोपायची. अकरा वर्षं झोपली. आणि ती तिथून उठली त्यात माझ्या हातचा एक खोटा आकडा आहे.

आमचं कॉलेज शहापूरच्या अलीकडे, हायवेला लागून. ‘ॲडल्ट हेल्थ नर्सिंग’ हा इथला सगळ्यात मोठा विषय. नाव भारदस्त, अर्थ साधा: मोठ्या माणसांची दुखणी. मधुमेह, रक्तदाब, दमा, लकवा, मोडलेली हाडं, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला स्वच्छ, कोरडं आणि माणसात ठेवणं. पुस्तक उशाला घेता येईल एवढं जाड. पण पुस्तकाच्या दंडाला पट्टा बांधता येत नाही, त्याला माणूस लागतं.

कॉलेज सुरू झालं तेव्हा एक साधी रबरी बाहुली होती म्हणे. पहिल्याच वर्षी कुणा धसमुसळीने उलटवताना तिची मान निखळली. चांगुणामावशी तेव्हा तिथंच फरशी पुसत होती. झाडलोटीला लागलेली, हॉस्टेलच्या मागच्या खोलीत राहायची. नवरा गेलेला, मुलगा-सून गावी, मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याला. हा विषय शिकवणाऱ्या देसले मॅडम तिला म्हणाल्या, “मावशी, पाच मिनिटं जरा झोपता का?” मावशी झोपली. मुलींनी तिच्याखालची चादर बदलायचा सराव केला. सराव संपला तर बाई घोरत होत्या.

हा किस्सा ती स्वतःच सांगायची आणि वर म्हणायची, “उभ्या जन्मात मला कुनी अंथरून घालून झोप म्हनलं नव्हतं गो. मी कशाला उठते?”

अंगाने काटकुळी, नाकात मोरणी, चालणं भराभर. सकाळी दहापर्यंत झाडूपोछा उरकला की नळावर पाय घासून धुवायची, अंबाडा सोडून केस पुसून पुन्हा घट्ट बांधायची, उशीला तेल लागू नये म्हणून. मग सराव-खोलीत येऊन पलंगावर चढायची आणि अगदी सहज विचारायची, “म्याडम, आज मला काय झालंय?”

मॅडम म्हणायच्या, आज दमा. की मावशी उशी पोटाशी धरून पुढे वाकायची आणि खांदे उचलून श्वास ओढायची. आज पोटाचं ऑपरेशन. की कूस बदलायला सांगितल्यावर कण्हायची, आणि बरोबर टाक्यांच्या जागी हात न्यायची. आज लकवा. की तोंडाचा एक कोपरा खाली ओढायची आणि हात असा सैल सोडायची की उचलताना तो खरंच जड लागायचा. अकरा वर्षांत या बाईला झाला नाही असा आजार आमच्या पुस्तकात नव्हता. तास संपला की टुणकन उठून बादली घेऊन निघायची. “बरी झाले,” म्हणायची.

माझा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. अंग पुसून द्यायचं होतं. मी वाशिंदची, वडील कारखान्यात, घरात मी थोरली आणि जिभेने तिखट. आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत. गेले आणि सरळ मावशीचा हात उचलून पुसायला लागले. हात माझ्या मुठीतून सुटला आणि मावशी उठून बसली.

“मी काय भाताचं पोतं हाय?”

“काय झालं मावशी?”

“भाइर जा. परत ये. नाव सांग, काय करनार ते सांग, मंग हात लाव.”

सगळी बॅच फिदीफिदी हसली. मी लालबुंद होऊन बाहेर गेले, परत आले, नाव सांगितलं. तिने विचारलं, “कुठली?” म्हटलं, वाशिंद. “बरं, वाशिंद. हात चोळ आदी. बरफ हाय नुसता.” हात चोळले. मग तिने मला बोटांच्या फटी, कानामागे, बगला, सगळं पुसायला लावलं आणि शेवटी शांतपणे म्हणाली, “पाट राहिली.” पाठ खरंच राहिली होती. पडून राहणाऱ्या माणसाची आधी पाठ चिघळते, हे मी आदल्या संध्याकाळी पाठ करून आले होते, आणि तरी राहिली होती! त्या दिवसापासून मी तिच्या लेखी ‘वाशिंद’. मुलींची नावं तिने कधी ध्यानात ठेवली नाहीत. कुणी लातूर, कुणी धुळं, कुणी खर्डी. “ए धुळं, नखं काप,” असं ती कॉरिडॉरमधून ओरडायची आणि धुळ्याची मुलगी निमूट नखं कापायची.

सरावाला एवढी खडूस, पण परीक्षेला ही बाई आमच्या बाजूची. मोठ्या परीक्षेला खरे पेशंट असत, पण ते कमी पडले की परीक्षकही म्हणत, मावशीला झोपवा. डोळे मिटून पडलेली असायची आणि ओठ न हलवता बोलायची. हे तिला कसं जमायचं देव जाणे. परीक्षकाला वाटायचं पेशंट कण्हतोय, आम्हाला ऐकू यायचं, “पडदा वढ.” “हात धू.” “नाव नाय सांगितलंस.” कित्येकींचं गाडं तिने असं चिखलातून बाहेर काढलं असेल. परीक्षेच्या सकाळी मुली देवाला हात जोडायच्या आधी मावशीला चहा नेऊन द्यायच्या.

एकदाच तिचं नाटक अंगाशी आलं. ही गोष्ट आमच्या आधीची, पण कॉलेजात सगळ्यांना तोंडपाठ. बाहेरून एक तरुण सर परीक्षक म्हणून आले होते, नवखे. त्यांना कुणी मावशीबद्दल सांगितलंच नव्हतं. खर्डीच्या मुलीला चिठ्ठी आली, छातीत दुखणारा पेशंट. मावशी येतानाच कपाळावर नळाचं पाणी शिंपडून आली होती. तिने छातीवर मूठ आवळली, डोळे फिरवले आणि असा काही हुंकार दिला की सर किंचाळले, “अहो, डॉक्टरांना बोलवा! गाडी काढा!” आणि स्वतःच पळत सुटले. मावशी पलंगावरून उडी मारून अनवाणी त्यांच्या मागे. “सायेब! ओ सायेब! मी खरी नाय! मी परीक्षेची पेशंट हाय!” सर भिंतीला टेकून कितीतरी वेळ घाम पुसत होते. खर्डी पास झाली. सरांना दुसरं काही आठवतच नव्हतं.

आमची भविष्यं सांगायची तिला भारी हौस. तळहातावरच्या रेषा वगैरे नव्हे, हाताच्या लागण्यावरून. बीएस्सी नर्सिंग करून पुढे काय काय होता येतं याचा एक तक्ता कॉलेजच्या भिंतीवर होता: इस्पितळात स्टाफ नर्स, आयसीयू, सरकारी भरती, खेड्यातल्या उपकेंद्रात आरोग्य अधिकारी, परदेश, एम.एस्सी. करून प्राध्यापक. मावशीला वाचता येत नव्हतं. ती आपली अंग पुसून घेता घेता सांगायची. “ही इमानात बसनार. हिचा हात घाई नाय करत.” “ही सरकारी. जो दिसंल त्याची चौकशी करते.” “हिला मानसाचा वास सोसत नाय, हिला हापिसात बसवा.” ती वासवाली आज ठाण्याला इन्शुरन्सच्या ऑफिसात लोकांचे मेडिकल क्लेम तपासते आणि आमच्या सगळ्यांहून सुखात आहे.

खर्डी मात्र खरंच विमानात बसली. कल्याणच्या इस्पितळात दोन वर्षं काढली, जर्मन भाषेची परीक्षा दिली आणि गेली जर्मनीला. तिथून तिने एकदा देसले मॅडमच्या फोनवर व्हिडिओ कॉल केला, तेव्हा मावशीने फोन अगदी नाकाशी धरला.

“तिकडच्या म्हाताऱ्या काय म्हनतात गो?”

“काही नाही म्हणत मावशी. गप्प असतात.”

“मंग तू बोल. कुशीवर पालटायच्या आदी सांगतेस ना?”

“सांगते हो.”

“त्यांच्या भाषेत सांगतेस ना? आपल्या भाषेत सांगून काय उपेग?”

मी एकदा तिला विचारलं, “आणि मी मावशी? मी कुठं?” मी तेव्हा आयर्लंडची स्वप्नं बघत होते. ती म्हणाली, “तू मास्तरीन. तुला दुसऱ्याच्या चुका लगीच दिसतात.” मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती मुद्दाम माझ्या खोलीसमोरचा पॅसेज दोनदा पुसायची आणि माझ्याकडे न बघता गुणगुणायची. तिसऱ्या दिवशी मीच गेले, म्हटलं, मावशी, पुरे. हे असलं रुसणं-फुगणं करायला आता माणूस नाही मला. मॅडम झाले ना मी.

आमचं दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा एक भलं मोठं खोकं आलं. विद्यापीठाच्या पाहणीत सांगून गेले होते, नवीन बाहुली हवी, नियम आहे. खोकं उघडताना मावशी पुढेच. तिने बाहुलीचं पोट दाबलं, तोंड उघडून आत बघितलं, पापणी ओढली.

“हिला दुखतं का?”

“नाही मावशी.”

“मंग हिला समजनार कसं, पोरगी दाबून धरते का हळू?”

संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीतून देसले मॅडम बाहेर आल्या आणि आमच्यादेखत तिला म्हणाल्या, “मावशी, तुम्हाला कुणी काढत नाही. सुया-नळ्या बाहुलीवर. अंग पुसणं, उलटवणं, बीपी बघणं, पेशंटशी बोलणं, हे तुमच्यावरच होणार. पण सर म्हणतात, मावशींचं वय झालं. तब्येत ठणठणीत असेल तरच. उद्या पलंगावर काही झालं तर कॉलेजवर यायचं.”

“मला काय धाड भरलीय?” मावशी म्हणाली. “फाइल बगा माजी.”

फाइल होती. अकरा वर्षांत मुलींनी सरावाला भरलेले तिचे तक्ते त्यात लावलेले, आणि प्रत्येक तक्त्यावर बीपी एकशे वीस, ऐंशी. उन्हाळा असो, पावसाळा असो, एकशे वीस, ऐंशी. कॉलेजचा तो जणू रिवाजच होता. पट्टा बांधायचा, फुगवायचा, कानाला स्टेथो लावायचा, ठोके ऐकू येवोत न येवोत, पुस्तकातला निरोगी आकडा लिहून मोकळं व्हायचं. थोरल्या मुलींनी आम्हाला तसंच शिकवलं, आम्ही धाकट्यांना. कारण मावशी म्हणजे पेशंट नव्हे, मावशी म्हणजे सराव. पेशंटचं काहीतरी बिघडलेलं असतं. सरावाचं काय बिघडणार? अशी आमची अक्कल!

पलंग गेला असता तरी झाडलोटीचं काम तिला होतंच, ती काही उघड्यावर पडत नव्हती. पण त्या पलंगावर ती कुणीतरी होती. प्राचार्यांनाही नाव सांगूनच तिला हात लावावा लागे. तिथून उतरून नुसती बादलीवाली मावशी होणं तिला सोसणार नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्या दिवसांत ती उगाच जिने पळत चढायची आणि वर पोचल्यावर कठड्याला धरून उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, हवा खाते.

आणि मग माझी परीक्षा. चिठ्ठीत आलं: रक्तदाब मोजा, नोंदवा, पेशंटला समजावून सांगा. सोपंच होतं. पलंगावर मावशी. मी आत गेले, नाव सांगितलं, हात चोळले, पट्टा बांधला. परीक्षक मॅडम टेबलाशी बसून आधीच्या मुलीचे गुण भरत होत्या. मी फुगवलं, हवा सोडायला लागले, आणि एकशे नव्वदलाच कानात ठोका आला. ठक्क, स्पष्ट. खालचा एकशे दहाला थांबला. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा फुगवलं. पुन्हा तेच. मी मावशीकडे बघितलं. डोळे मिटलेले, चेहरा निवांत.

“एकशे वीस ऐंशी लिव गो,” ती ओठ न हलवता म्हणाली. “टाइम झाला.”

परीक्षक मॅडमनी मान वर केली. “झालं का?”

मी लिहिलं. एकशे वीस, ऐंशी. मॅडमनी तक्ता बघितला, फाइलमधल्या आधीच्या तक्त्यांवर नजर टाकली, आणि मला चांगले गुण दिले. ज्या विषयात मी पहिल्या वर्गात पास झाले, त्याचा पहिला धडा हाय ब्लड प्रेशरचा आहे. आज मी शिकवते तेव्हा बाहुलीचं प्रेशर चुकूनही एकशे वीस ऐंशी ठेवत नाही. मुली कुरकुरतात, मॅडम नेहमी अवघडच ठेवतात म्हणून. कुरकुरू देत.

तसं दोन दिवसांनी मी तिला गाठून विचारलं होतं, “मावशी, डोकं दुखतं का हो तुमचं?” ती म्हणाली, “तुजंच दुखतंय, परीक्षा झाली तरी.” आणि हसली. मलाही हायसं वाटलं. म्हटलं, असेल आपलीच चूक, स्टेथोच जुना होता. सुट्टीवर घरी गेले, आईच्या हातचं खाल्लं, विसरले. विसरले म्हणजे काय, विसरायचंच होतं मला.

श्रावण संपता संपता एका सकाळी मी नळाकडून चालले होते. मावशी नळाशी बसली होती, पाय धुवायला बसायची तशी. पाणी नुसतं वाहत होतं. तिने मान वर केली तर तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला. आणि मी, देवा, मी हसले. एक क्षणच, पण हसले. म्हटलं, “काय मावशी, आज लकवा का?”

“खरं हाय,” ती म्हणाली. जीभ जड झालेली, शब्द लोळत होते. “खरं हाय गो, वाशिंद.”

मग पुढचं सगळं मी केलं, तिनेच शिकवलेलं. कुशीवर घेतलं, मान सांभाळली, आरडाओरडा केला, ॲम्ब्युलन्स आली. शहापूर, तिथून ठाणे. देसले मॅडम आणि मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, आधी बीपीचा त्रास होता? मॅडम म्हणाल्या, “नाही हो, कायम नॉर्मल. आमच्याकडे अकरा वर्षांच्या नोंदी आहेत.” मी शेजारी उभी होते. मी तोंड उघडलं नाही. पुढे महिन्याभराने मॅडमना सगळं सांगितलं, तेव्हा त्या फाइल काढून पुढ्यात ठेवत म्हणाल्या, “तू एकटी नाहीस ग. त्या तक्त्यांवर सह्या माझ्या आहेत.” मला वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मावशी वाचली. उजवी बाजू गेली. मुलगा येऊन तिला गावी घेऊन गेला. त्यानंतर शिमग्यापर्यंत ती होती, पण मी तिला भेटले एकदाच, कार्तिकात. शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडची एसटी धरली, तिथून म्हसा गावाच्या रस्त्याने जाणारी जीप. भातं कापून झाली होती, खळ्याखळ्यात झोडणी चालली होती. वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवत होते. कशी सुरुवात करायची, कुठल्या शब्दात सांगायचं. एकही वाक्य धड जुळलं नाही.

मावशी ओटीवर खाटेवर होती. मला बघून तिचा डावा हात वर आला. सून वनिता, शेतातली काटक बाई, चहा ठेवायला गेली तेवढ्यात मी सवयीने मावशीची पाठ बघितली. तीन महिने पडून असलेलं माणूस, आणि पाठीवर एक लाल डाग नाही. टाचा स्वच्छ, बोटांच्या फटी कोरड्या. ठाण्याच्या मोठ्या वॉर्डातही मी अशी पाठ बघितली नव्हती.

“मावशी,” मी म्हटलं, “माझ्या परीक्षेला तुमचं बीपी एकशे वीस नव्हतं. एकशे नव्वद होतं. मी दोनदा बघितलं. आणि खोटं लिहिलं.” एवढं बोलले आणि मला हुंदका फुटला.

ती सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाली, “म्हाइत हाय. एवड्या पोरींनी… पट्टा आवळलाय. कुठवर फुगवला… मला नाय कळनार?”

“मग सांगितलं का नाही? मला लिहायला का लावलंत?”

“सांगितलं असतं… तर झोपवली असती मला… पलंगावर?”

मला तिचा भयंकर राग आला. एका पलंगापायी जीव धोक्यात घालायचा माणसाने! रोजची एक गोळी, फुकट मिळते ती, एवढ्यावर निभावलं असतं. मी तिला फडाफडा बोलले. लकवा झालेल्या बाईला, तिच्या ओटीवर बसून, रडत रडत बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटतं तिला बरंच वाटलं असावं. बाकी सगळे आता तिच्याशी हळू आवाजात बोलत.

मी गप्प झाल्यावर तिने विचारलं, “माजी जागा… हाय ना?”

हो म्हणाले असते तर काय बिघडणार होतं? चादर घालून ठेवलीय मावशी, तुमचीच वाट बघतोय, एवढं म्हणायचं. पण मी नुकतीच खोट्यापायी ढसाढसा रडले होते, मला वाटलं आता हिच्याशी पुन्हा खोटं नको. म्हटलं, “नाही मावशी. बाहुली ठेवलीय तिथं.”

“बोलते का ती?”

“नाही.”

“मंग पोरींना… सांगल कोन?”

मी चहा पिऊन टाकला. कर्म माझं, खरं लिहायचं होतं तिथं खोटं लिहिलं, आणि ज्या एका खोट्याने ती बाई चार दिवस सुखात राहिली असती तिथं मला खरेपणा आठवला! आज इतकी वर्षं झाली, सराव-खोलीत मुलींचा गलका चालू असला की मला त्या पलंगावरून कुणीतरी खेकसावं असं वाटतं. मुली काय, माझं ऐकतात, मान डोलवतात. मी खेकसले तर त्यांना राग येतो. तिच्यावरचा राग कधी कुणाचा दोन दिवसांपलीकडे टिकला नाही. मला ती हवी आहे, बस्स. दुसरं काही म्हणायचं नाही मला.

परतीच्या जीपचा हॉर्न वाजला. मी पाया पडले, चपला घातल्या. मावशीने वनिताला डाव्या हाताने खूण केली, अंगणाकडे तोंड करून दे. मला जाताना बघायचं होतं तिला. वनिताने आधी सांगितलं, “आई, कुशीवर घेते हां,” मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घातला आणि तिला अलगद वळवलं. पाठीमागे उशी लावली, गुडघ्यात दुसरी ठेवली.

“तशी नाय,” मावशी म्हणाली. “घोटा… बग. घोटा टेकतोय.”

वनिताने उशी काढून पुन्हा लावली.

“अजून. वर घे.”

मी अंगणाच्या टोकाला जाऊन थांबले आणि हात केला. मावशीचं तोंड माझ्याकडेच होतं, पण डोळे सुनेच्या हातांवर होते. मी पुन्हा हात केला. ती काहीतरी सांगत होती, वनिता खाली वाकून ऐकत होती, आणि उशी तिसऱ्यांदा निघत होती. जीपवाला ओरडायला लागला, म्हणून मी निघाले.